घाटाचा राजा: एका किताबाची कुळकथा

जानेवारी 2026मध्ये बजाज पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत पुणे जिल्ह्यातून धावली. 19 तारखेला शहरात प्रोलॉग, म्हणजे सलामीची छोटी फेरी, पुढे 23 तारखेपर्यंत चार टप्पे, असं मिळून सुमारे 437 किलोमीटरचं अंतर. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या, म्हणजे यूसीआयच्या, यादीत तिचा वर्ग 2.2 असा नोंदला आहे. त्यातला पहिला आकडा शर्यत अनेक दिवसांची असल्याचं सांगतो. एका दिवसात संपणाऱ्या शर्यतीला तिथे 1 हा आकडा असतो. या शर्यतीची वाट भोर आणि वेल्हे या दोन मावळी तालुक्यांतूनही गेली. वेल्हे तालुक्याचं नाव आता सरकारदरबारी राजगड झालंय, पण बाजाराला जाणारा माणूस अजून वेल्ह्यालाच जातो.

अनेक दिवसांच्या शर्यतीत एकाच वेळी अनेक शर्यती चाललेल्या असतात. सगळ्या दिवसांची वेळ एकत्र करून ज्याची सर्वांत कमी, तो एकूण विजेता. रोजच्या टप्प्याचा विजेता निराळा. मधल्या आणि शेवटच्या रेषेवर जोर मारणाऱ्यांचे गुण निराळे. आणि डोंगर चढून माथ्यावर आधी पोचणाऱ्याचा मान निराळा. हा शेवटचा मान मला सगळ्यांत जास्त जवळचा वाटतो, कारण महाराष्ट्रात त्याला स्वतःचं नाव आहे आणि ते कुठल्या परदेशी शर्यतीकडून उसनं आणावं लागलेलं नाही: घाटाचा राजा.

हे नाव मुंबई-पुणे सायकल शर्यतीचं. मुंबईतून निघायचं, सपाट रस्त्यानं पनवेल, खोपोली गाठायची, आणि तिथून बोरघाट. खोपोली समुद्रसपाटीपासून जेमतेम साठ मीटरवर, खंडाळा साडेपाचशेच्या आसपास. हा सगळा चढ काही किलोमीटरच्या वळणांत. माथ्यावर जो पहिला पोचेल तो घाटाचा राजा, मग पुण्यातली रेषा कुणीही आधी ओलांडो. खोपोलीपासून माणसं घाटात कठड्यांवर चढून बसत, कारण सपाटीवर सायकलींचा घोळका डोळ्यांसमोरून चुटकीसरशी निघून जातो. घाटात मात्र प्रत्येक चेहरा दिसतो: कोण खोगिरावरून उठून पेडल मारतोय, कुणाचे खांदे डोलायला लागलेत, कोण मागे वळून बघतोय. मागे वळून बघणारा बहुधा सुटत आलेला असतो.

या किताबाचं मूळ मात्र फ्रान्समध्ये शोधावं लागतं. ‘लोटो’ या क्रीडा दैनिकाचा खप वाढावा म्हणून संपादक आंरी देग्रांज यानं 1903 साली टूर द फ्रान्स सुरू केली. कल्पना त्याच्या तरुण सहकाऱ्याची, जिओ लफेव्हरची. सहा टप्पे, 2,428 किलोमीटर. साठ जण निघाले, एकवीस पोचले. पॅरिस ते लियाँ हा पहिला टप्पाच 467 किलोमीटरचा होता, म्हणजे पुण्याच्या अख्ख्या शर्यतीपेक्षा मोठा, आणि तो एका दमात रात्र धरून पुरा करायचा होता. मॉरिस गारँ जिंकला, दुसऱ्यापेक्षा जवळपास तीन तास पुढे राहून.

त्या पहिल्या शर्यतीत मोठे डोंगर नव्हते. डोंगर आले 1905 साली, बालाँ दाल्झास या चढाच्या रूपानं. गिअरची सायकल नसताना माणूस तिथे पायउतार न होता चढेल यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. रने पोतिए चढला. त्या वर्षापासून ‘लोटो’ आपल्या मतानं उत्तम चढणाऱ्याचं नाव जाहीर करू लागलं. मतच ते. गुण नाहीत, रेषा नाही, बक्षिसाचा हिशोब नाही. राजा होता, पण गादी नव्हती.

त्या काळी चढायचं कसं, हे आजच्या सायकलस्वाराला समजून घ्यायला हवं. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना एकेक दातेरी चकती असे, एका बाजूला लहान, दुसऱ्या बाजूला मोठी. सपाटीवर लहान चकतीवर चेन चालायची. घाटाच्या पायथ्याशी आलं की स्वार उतरायचा, चाकाचे आटे सैल करायचा, चाक काढून उलटं फिरवायचा, मोठ्या चकतीवर चेन चढवायचा, ताण बघून पुन्हा आटे आवळायचा आणि मग चढायला लागायचा. माथ्यावर हेच सगळं उलट्या क्रमानं, थंडीनं बधिर बोटांनी. गिअर बदलणारी डिरेलर यंत्रणा तेव्हा अस्तित्वात होती, पण देग्रांजला ती कमकुवतांची सोय वाटे. टूरमध्ये तिला परवानगी मिळाली थेट 1937 साली. पायथ्याशी चाक किती लवकर फिरवता येतं आणि ते नेमक्या कुठल्या वळणावर फिरवायचं, यावर घाट जिंकला किंवा हरला जाई. आज भोर-वेल्ह्याच्या चढावर अंगठ्याच्या एका दाबानं होणाऱ्या कामामागे ही सगळी मेहनत आहे.

1910 साली पिरेनीज पर्वत आले. शर्यतीचा रस्ता पाहायला गेलेला देग्रांजचा सहकारी अल्फाँस स्टाइनेस तूरमाले खिंडीच्या बर्फात रात्री भरकटला, कसाबसा जिवंत खाली उतरला आणि तरीही त्यानं रस्ता उत्तम असल्याची तार केली. एकवीस जुलैला 326 किलोमीटरच्या टप्प्यात स्वार त्या 2,115 मीटर उंचीच्या खिंडीवर गेले. ओक्ताव लापीझ तिथे सर्वांत आधी पोचला, काही अंतर सायकल हातात धरून चालत. त्याच दिवशी त्यानं आयोजकांना तोंडावर खुनी म्हटलं. ती टूर पुढे त्यानंच जिंकली.

गादी मिळाली 1933 साली, आणि ती एका लहानखुऱ्या स्पॅनिश स्वारामुळे गाजली. व्हिसेंते त्रुएबा कुठल्या मोठ्या संघाचा नव्हता. त्या वर्षी पहिल्यांदा माथ्यांवर रीतसर गुण ठेवले गेले आणि एकामागून एक माथ्यांवर तो पहिला पोचला. पण उतारावर तो भित्रा. वर कमावलेली मिनिटं खाली घालवायचा, आणि एकूण क्रमवारीत सहावा राहिला. या एका माणसाच्या कामगिरीत किताबाचं सगळं कारण सापडतं. चढ आणि उतार या दोन वेगळ्या विद्या आहेत. घड्याळ दोन्ही एकत्र तोलतं आणि उतरणारा बाजी मारतो. चढणाऱ्याचं श्रेय जपायचं तर ते माथ्यावरच मोजायला हवं. पुढच्या वर्षी देग्रांजनं माथ्यावर पहिला येणाऱ्याला वेळेतही सवलत देऊ केली.

पांढऱ्या कापडावर लाल ठिपके असलेला सदरा फार उशिरा आला, 1975 साली. तो अंगावर चढवून पॅरिसला पोचलेला पहिला राजा बेल्जियमचा ल्युसियाँ व्हान इम्प. प्रायोजक होती पूलाँ ही चॉकलेट कंपनी. म्हणजे किताब 1933चा आणि त्याचा पोशाख त्याच्यापेक्षा बेचाळीस वर्षांनी धाकटा.

हा मान वेगळा का ठेवावा लागतो याला शरीराचंही कारण आहे. सपाटीवर चाळीस-पंचेचाळीसच्या वेगानं जाताना ताकद बहुतेक हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या मागे चाकाला चाक लावून राहिलं की बराच भार वाचतो, म्हणून तिथे संघ जिंकतो. चढावर वेग पंधरावर आला की हवेचा अडथळा नगण्य होतो आणि आडोसाही फारसा उरत नाही. तिथे स्वतःचं वजन स्वतः उचलायचं. सायकल यूसीआयच्या नियमानं किमान 6.8 किलोची, वर पाण्याची बाटली आणि आपला देह. साठ किलोचा स्वार आणि ऐंशी किलोचा स्वार सपाटीवर एकत्र राहू शकतात. घाटात मोठ्याला प्रत्येक मीटरला जादा वीस किलो उचलावे लागतात. म्हणून जगभरचे घाटाचे राजे बहुधा हडकुळे असतात. मावळातल्या माणसाची जुनी ठेवण मला इथे आठवते, आणि या खेळाला तिथून स्वार मिळतील असं मनापासून वाटतं.

पण राजा व्हायचं तर आधी चाक चढेल असा रस्ता हवा. सह्याद्रीतल्या जुन्या घाटवाटा बैलांच्या तांड्यांसाठी आणि पायी माणसांसाठी होत्या. त्या सरळ नाकासमोर चढत. गाडीला मंद चढ लागतो, म्हणून वळणं घ्यावी लागतात, कातळ फोडावा लागतो. बोरघाटातून गाड्या जाऊ शकतील असा रस्ता गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात झाला आणि नोव्हेंबर 1830मध्ये खुला झाला. मुंबई-पुणे शर्यतीच्या राजाचं सिंहासन त्या दिवशी बांधून झालं असं म्हणायला हरकत नाही.

भोर आणि वेल्ह्यात हा फरक अजून डोळ्यांनी बघता येतो. वेल्ह्याच्या पुढे केळदला गेलं की मढे घाट लागतो. सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेनं कोकणात उमरठ्याला नेल्याचं सांगतात. तिथे चाक आजही उतरत नाही, फक्त पाय. पाबे घाटात मात्र डांबर आहे. रांजण्याकडून चढून माथ्यावर आलं की समोर तोरणा आणि राजगड एका नजरेत येतात, आणि खाली वेल्ह्याची खाचरं. पुण्यातले सायकलवाले या घाटाला फार मानतात, आणि मीही. चढ लांब नाही, पण मध्येच असा उभा होतो की गिअर संपतात आणि तरी रस्ता संपत नाही. भोरकडून मांढरदेवीला जाणारी आंबाडखिंड हे तिसरं रूप. आणि सगळ्यांत मोठा वरंध घाट: भोर सोडलं की नीरा-देवघर धरणाच्या पाण्याला उजवी-डावी घालत हिर्डोशी खोऱ्यातून वर, आणि माथ्यानंतर एकदम महाडकडे कोसळणारा उतार. पावसाळ्यात दरडींमुळे तो पुन्हा पुन्हा बंद ठेवावा लागतो.

शर्यतीत चढाची प्रतवारी तीन गोष्टींवरून ठरवतात: लांबी, उभेपणा आणि तो टप्प्यात कुठे येतो. तोच चढ शंभराव्या किलोमीटरवर आला तर दहाव्या किलोमीटरपेक्षा वरच्या वर्गाचा धरला जाऊ शकतो, कारण तोवर पाय रिकामे झालेले असतात. या हिशोबानं वरंध घाटाची महाडकडची बाजू, म्हणजे कोकणातून वर येणारी, एखाद्या पुढच्या शर्यतीत टप्प्याच्या शेवटी ठेवली तर महाराष्ट्राला खरा डोंगरी टप्पा मिळेल. सकाळी समुद्रसपाटीजवळ निघालेले स्वार दुपारी देशावर येतील आणि रेषा भोरला, तिथल्या संस्थानिक पंतसचिवांच्या राजवाड्यासमोर. जानेवारीत दरडीची भीती नसते, ऊन सोसवतं आणि रस्ता कोरडा असतो. रस्ता मात्र आधी नीट बांधावा लागेल, आणि 2026च्या शर्यतीसाठी जिल्ह्यातल्या रस्त्यांवर काम झालं तसं काम या घाटातल्या गावांना शर्यत असो-नसो हवंच आहे.

आणि माथ्यावर पांढरी रेषा मारून जो फलक लावतील, त्यावर ‘किंग ऑफ द माउंटन्स’ लिहू नये. घाटाचा राजा लिहावं. बोरघाटातल्या कठड्यांवर बसलेल्या माणसांनी हे नाव पिढ्यान् पिढ्या पुकारलंय, आणि हिर्डोशीच्या पोराला ते वाचून काय जिंकायचंय हे कुणी समजावून सांगावं लागणार नाही.