पादत्राणें आणि पहारा

पादत्राणें बाहेर काढून ठेवणें ही आपणांस नवी गोष्ट नाहीं. देवळाच्या दारांत आपण तीं भक्तीनें काढतों, घराच्या उंबरठ्यावर शुचितेसाठीं काढतों. परंतु दुसऱ्याच्या हुकुमानें तीं काढावीं लागलीं म्हणजे तोच आचार मानापमानाचा विषय होतो. अमेरिकेतील विमानतळांवरील बुटांचा इतिहास आम्हांस या दृष्टीनें मननीय वाटतो.

२२ डिसेंबर २००१ रोजीं पॅरिसहून मायामीस निघालेल्या विमानांत रिचर्ड रीड नामक ब्रिटिश प्रवाशानें बुटांत दडविलेलें स्फोटक द्रव्य आगकाडीनें पेटविण्याचा यत्न केला. विमानांतील सेवकवर्ग व सहप्रवासी यांनीं त्यास जखडून टाकिलें आणि विमान बोस्टन येथें सुखरूप उतरलें. तें द्रव्य धातूचें नसल्यामुळें धातुशोधक कमानीस त्याचा सुगावा लागण्याजोगा नव्हता. पुढें बूट काढण्याचा आग्रह सुरू झाला, व ऑगस्ट २००६ पासून तो सक्तीचा झाला. धनिक व मजूर सारखेच मोज्यांनिशीं पहाऱ्यांतून जाऊं लागले. एकाच्या अपराधाचा संशय सर्वांवर आला खरा, पण त्या संशयांत निदान समता होती.

ती समता टिकली नाहीं. २०११ सालीं बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस व २०१२ सालीं पंचाहत्तरीच्या वृद्धांस सूट मिळाली. ती योग्यच होती. परंतु २०१३ च्या अखेरीपासून पांच वर्षांसाठीं ८५ डॉलर भरून, बोटांचे ठसे देऊन पूर्वचौकशींत उतरणारासही बूट घालून जातां येऊं लागलें. चौकशी झालेल्यावर विश्वास टाकणें गैर नव्हे, हें आम्हांस मान्य आहे. मात्र ज्यास ती फी परवडत नव्हती, त्याचा निरपराधीपणा सिद्ध होण्याची ही वाट बंदच राहिली.

येथें आम्हांस कंपनी सरकारच्या अमदानीची आठवण होते. तेव्हां सरकारी समारंभांत एतद्देशीयांस जोडे काढावे लागत. सन १८५४ मध्यें बंगाल इलाख्यांत विलायती बूट घालणारांस त्यांतून मुभा मिळाली. देशी जोड्याचा मात्र अपमान कायम राहिला. त्या नियमाचें कारण अधिकार होतें, या नियमाचें कारण भीति. पण सवलत कोणास, हें दोन्हीकडे ऐपतीवरच बव्हंशीं ठरलें.

८ जुलै २०२५ रोजीं अमेरिकेच्या सरकारनें ही सरसकट सक्ती उठविल्याचें जाहीर केलें. पहारा आवश्यक आहे, व पुढेंही नवे नियम होतील. ते होतांना सुटकेचा मार्ग कोणासाठीं मोकळा ठेवला आहे, हें नागरिकांनीं प्रथम पाहावें, इतकेंच आमचें सांगणें आहे.