गरज एक, न्याय दोन : ऑस्ट्रेलियातील अपंगत्व-विम्याची शतकभराची वाटचाल

१/
मेलबर्न शहर, विसाव्या शतकाचे शेवटचे दशक. चार तरुणांची कल्पना करावी. चौघांचेही पाय निकामी. चौघांनाही चाकांची खुर्ची हवी आणि सकाळी अंघोळीला मदतनीस हवा. पहिला रस्त्यावरील अपघातात जायबंदी झालेला, दुसरा कारखान्यात, तिसरा समुद्रात सूर मारताना आणि चौथा जन्मतःच तसा. पहिल्या दोघांचा खर्च सक्तीच्या विम्यातून भागत असे. उरलेल्या दोघांच्या वाट्याला प्रतीक्षायादी येई. गरज एक, न्याय दोन! या अन्यायाचे मूळ शोधायचे, तर १९०८ पर्यंत मागे जावे लागते.

२/
त्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या संसदेने वृद्ध व अपंगांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा संमत केला. अपंगांना प्रत्यक्ष पैसे मिळू लागले ते डिसेंबर १९१० पासून. कमाल रक्कम वर्षाला २६ पौंड. त्या काळाच्या मानाने हे पाऊल धाडसाचे होते. धर्मादाय संस्थेच्या दारात हात पसरण्याची वेळ आता टळणार होती. मात्र कायदा एकच प्रश्न विचारी : हा माणूस काम करण्यास कायमचा असमर्थ आहे काय? उत्तर ‘होय’ असेल, तर ठरावीक रक्कम. त्याच्या घराला पायऱ्या किती, त्याला उचलणारे कोण, याची चौकशी करण्याची सोय त्या कायद्यात नव्हती.

३/
शिवाय हक्क सर्वांना नव्हता. मूळ रहिवासी आणि ऑस्ट्रेलियाबाहेर जन्मलेले आशियाई यांना कायद्याने वगळले होते. ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन असूनही हिंदी लोक त्यातच मोडत. १९२२ मध्ये श्रीनिवास शास्त्री ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेले. नामदार गोखल्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते गोखल्यांनंतरचे अध्यक्ष. तेथील हिंदी रहिवाशांची बाजू त्यांनी मांडली. पुढे १९२५ मध्ये त्या रहिवाशांना मताधिकार आणि १९२६ मध्ये निवृत्तिवेतनाचा हक्क मिळाला. मूळ रहिवाशांवरील उरलीसुरली बंधने कायद्यातून पुसली जायला मात्र १९६६ उजाडले.

४/
निवृत्तिवेतनातून भाकरी मिळे, मदतनीस मिळत नसे. ज्यांची काळजी घरी घेणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी मोठमोठी निवासी आश्रयगृहे होती. मेलबर्नमधील ‘क्यू कॉटेजेस’ हे त्यांपैकी एक. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी ते १८८७ मध्ये उघडले. तेथे मदत होती. पण ती घेण्यासाठी घर, शेजार आणि स्वतःच्या दिवसावरचा ताबा सोडावा लागे. एप्रिल १९९६ मध्ये तेथे लागलेल्या आगीत ९ पुरुष रहिवासी मृत्युमुखी पडले. २००८ मध्ये ते कायमचे बंद झाले.

५/
वेगळा विचार शेजारच्या न्यूझीलंडमध्ये अंकुरला. न्यायमूर्ती ओवेन वुडहाउस यांच्या आयोगाने १९६७ मध्ये शिफारस केली की, अपघात कोणाच्या चुकीने झाला याचा खल न करता जखमी माणसाला भरपाई द्यावी. ही योजना तेथे १९७४ मध्ये सुरू झाली. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी याच वुडहाउसांना पाचारण केले. त्यांनी आखलेली ऑस्ट्रेलियन योजना आणखी व्यापक होती : तिने अपघाताबरोबर आजारही कवेत घेतला होता. विधेयक कनिष्ठ सभागृहात संमतही झाले. पण ते सिनेटमध्ये रखडले असतानाच ११ नोव्हेंबर १९७५ रोजी गव्हर्नर जनरलने व्हिटलम यांना पदच्युत केले. सरकारबरोबर विधेयकही गेले.

६/
त्यानंतर तुकड्यातुकड्यांचा काळ आला. व्हिक्टोरिया राज्याने १९८६ च्या कायद्याने वाहन-अपघातग्रस्तांना चुकीचा विचार न करता संरक्षण दिले. नदीपलीकडच्या न्यू साउथ वेल्समध्ये मात्र दोष दुसऱ्याचा होता, हे सिद्ध करावे लागे. १९९१ मध्ये केंद्र आणि राज्यांनी जबाबदाऱ्या वाटून घेतल्या : रोजगारसेवा केंद्राकडे, निवास व दैनंदिन मदत राज्यांकडे. पैसा बहुधा एकगठ्ठा संस्थांना मिळे, आणि संस्थेत जागा असेल तरच माणसाला मदत मिळे. आईवडील थकले की काय, हा प्रश्न हजारो घरांत रात्रीची झोप उडवत होता.

७/
कोंडी फोडली ती शब्दांच्या बदलाने. ब्रूस बोनिहाडी हे अर्थतज्ज्ञ. त्यांच्या दोन मुलांना सेरेब्रल पाल्सी. माजी उपपंतप्रधान ब्रायन हाउ यांनी त्यांना सुचवले की, अपंगत्वाकडे कल्याणकारी खर्च म्हणून पाहू नका, विमा म्हणून पाहा. अपंगत्व कोणाच्याही वाट्याला येऊ शकते. मग सर्वांनी थोडे थोडे भरावे आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला आयुष्यभर पुरेसे मिळावे. आणि विमा म्हटला की हिशेब आयुष्याचा होतो : लहानपणी वेळेवर खर्च केला, तर पुढचा खर्च वाचतो.

८/
२००९ मध्ये एका सरकारी अहवालाने दिव्यांगांच्या व कुटुंबांच्या व्यथा देशापुढे मांडल्या. त्यासाठी ७५० हून अधिक निवेदने आली होती. २०११ मध्ये सरकारच्याच उत्पादकता आयोगाने निर्वाळा दिला : चालू व्यवस्थेत निधी अपुरा, वाटप अन्यायकारक, कारभार विस्कळीत. वर्षाला सुमारे ७०० कोटी डॉलर खर्च होत होते. आयोगाने आणखी सुमारे ६५० कोटी मागितले. लाभार्थींचा अंदाज होता ४ लाख १० हजार. ‘एव्हरी ऑस्ट्रेलियन काउंट्स’ या मोहिमेने हा विषय रस्त्यावर आणला.

९/
मार्च २०१३ मध्ये ज्युलिया गिलार्ड यांच्या कारकिर्दीत राष्ट्रीय अपंगत्व विमा योजनेचा कायदा झाला. त्याच वर्षी १ जुलैला निवडक भागांत प्रारंभ झाला. निधीसाठी मेडिकेअर अधिभार १.५ टक्क्यांवरून २ टक्के करण्यात आला, आणि विरोधी पक्षानेही त्याला पाठिंबा दिला. करवाढीवर असे एकमत क्वचितच होते.

१०/
योजनेचा गाभा म्हणजे प्रत्येकाचा स्वतंत्र ‘आराखडा’. अपंगत्व कायमस्वरूपी असल्याचे पुरावे द्यायचे. मग त्या व्यक्तीची उद्दिष्टे आणि गरजा नोंदवल्या जातात. निधीचे मुख्य भाग तीन : रोजची मदत, कौशल्य व उपचार, खुर्ची, घरातील बदल यांसारखा भांडवली खर्च. कसोटी एकच : मदत ‘वाजवी आणि आवश्यक’ हवी. घरभाडे व किराणा यांचा खर्च यात बसत नाही. निधी स्वतः सांभाळावा, मध्यस्थाकडे द्यावा की योजनेच्या यंत्रणेवर सोपवावा, ही निवड त्या व्यक्तीची. निर्णय अमान्य असेल, तर फेरतपासणी आणि पुढे न्यायाधिकरण. पैसा आता संस्थेऐवजी माणसाच्या नावाने निघू लागला.

११/
नवे प्रश्नही उभे राहिले. लाभार्थी ६ लाखांच्या पुढे गेले, वार्षिक खर्च ४,००० कोटी डॉलरच्या वर. योजनेबाहेरच्या सेवा आटत गेल्याने सगळ्यांची धाव तिच्याकडेच. जो आपली गरज कागदावर नीट मांडू शकतो, त्याचा आराखडा अधिक भरघोस, अशी तक्रार आहेच. २०२१ मध्ये सरकारने नेमलेल्या तपासनीसांकडून सर्वांचे मूल्यमापन करण्याचा बेत दिव्यांगांच्या विरोधामुळे सोडावा लागला. २०२३ मध्ये बोनिहाडी आणि लिसा पॉल यांच्या समितीने २६ शिफारशी केल्या. शाळा-पाळणाघरांतूनच प्राथमिक मदत मिळावी, ही त्यांतली महत्त्वाची.

१२/
१९०८ च्या कायद्याने विचारले होते, ‘काम करता येते काय?’ २०१३ च्या कायद्याने विचारले, ‘जगण्यासाठी काय हवे?’ एवढे अंतर कापायला शतक लागले. तरी कोडे पुरते सुटलेले नाही. योजनेत प्रवेश वयाच्या ६५ व्या वर्षाआधीच मिळतो. चौसष्टाव्या वर्षी अर्धांगवायू झालेल्याला या योजनेचे दार ठोठावता येते. सहासष्टाव्या वर्षी झालेल्याला वृद्धांच्या वेगळ्या व्यवस्थेकडे वळावे लागते. दोघांची खुर्ची सारखी, दोघांच्या दाराशी पायऱ्याही तेवढ्याच. मेलबर्नच्या त्या चार तरुणांचा प्रश्न आता दोन वृद्धांच्या रूपाने पुन्हा उभा आहे.