वतन सोडणारा बापूराव आणि हिवरगावची पवळा

पठ्ठे बापूरावांची गोष्ट आपण त्यागाची म्हणून ऐकतो, आणि ती आहेच. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६, गाव रेठरे हरणाक्ष, आताचा सांगली जिल्हा. गावचं दप्तर सांभाळलं असतं तर पोटाची चिंता नव्हती. पण कानात लावणी भरलेली. दलितांच्या ढोलकीवर ब्राह्मण फडात उभा राहिला, तेव्हा जातभाईंनी त्याला तोडलं. तरी बापूराव मागे फिरले नाहीत. कवनं रचली, ‘मिठाराणी’सारखा वग लिहिला, मुंबई गाजवली.

मला मात्र या गोष्टीतलं दुसरं नाव जास्त छळतं: पवळा. आपल्या नगर जिल्ह्यातली, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावची, महार समाजातली. तोवर तमाशात बाईचं काम नाच्या पोऱ्याच करायचा. तमाशात उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून पवळेचं नाव घेतात. बापूरावांचे शब्द आणि तिचा गळा, तिची अदा. लोक तिकीट काढायचे ते दोघांसाठी.

आता हिशोब मांडून बघा. बापूरावांनी वतन सोडलं, कारण सोडायला वतन होतं. पवळेकडे सोडण्यासारखं काय होतं? म्हणून त्याच्या निवडीला आपण त्याग म्हणतो आणि तिच्या निवडीला नुसतं नाचणं.

हा प्रश्न त्या काळातही कुणाला तरी पडला होता. महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी तमाशाचे पैसे देऊ केले, पण डॉ. आंबेडकरांनी ते नाकारले, असं सांगतात. महार बाईला नाचवून मिळवलेला पैसा चळवळीला नको, हे त्यामागचं कारण. मला हा नकार पटतो आणि टोचतोही. पटतो, कारण कलेच्या नावाखाली जातीनं लादलेलं काम झाकलं जातं. टोचतो, कारण या सगळ्यात पवळेला काय वाटलं, ते कुणी विचारलंच नाही.

पवळा फडातून गेली आणि बापूरावांचे दिवस फिरले. १९४५ साली पुण्यात ते गेले तेव्हा गाठीला काही उरलं नव्हतं. पवळा त्यांच्या आधीच, १९३९ साली गेली होती.

तरी संगमनेरचा तमाशाशी धागा तुटला नाही. पुढे कांताबाई सातारकरांनी याच गावात राहून फड चालवला.

यूट्यूबवर बापूरावांची लावणी लागली की खाली कवी म्हणून त्यांचं नाव दिसतं. ते दिसायलाच हवं. फक्त ऐकताना एवढं लक्षात ठेवूया, की या शब्दांना गावोगाव पाय फुटले ते हिवरगावच्या एका बाईमुळे.