सीमेवरचे बालवाचक आणि मराठी रहस्यकथा

१९५६ साली राज्य पुनर्रचना झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे मराठीबहुल तालुके मुंबई राज्याकडे गेले आणि उर्वरित जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. सीमारेषा आखली गेली. पैनगंगेच्या दक्षिणेकडील मराठी घरे मात्र होती तेथेच राहिली. मुदखेड-किनवटकडून येणारा लोहमार्ग आदिलाबादला संपतो. रेल्वेने हैदराबादला जावयाचे, तर आधी महाराष्ट्रात शिरावे लागते! मराठी पुस्तकाला ही वाट सोयीचीच होय.

मराठीत रहस्यकथा आली ती प्रौढांसाठी. गो. ना. दातारांनी इंग्रजी कथानकांच्या आधारे वाचकांना खिळवून ठेवले. पुढे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे 'झुंजार' आणि 'काळापहाड' पाठ्यपुस्तकाआड दडवून वाचणारी मुले घरोघरी होती. भालबा केळकरांनी शेरलॉक होम्सला मराठीत आणले. तथापि, मुलांचा स्वतःचा असा नायक त्यांना लाभला तो भा. रा. भागवतांमुळे. १९५१ साली 'बालमित्र' मासिक सुरू करणाऱ्या आणि ज्यूल व्हर्नला मराठी मुलांच्या हाती देणाऱ्या या लेखकाने फुरसुंगीचा बनेश फेणे निर्माण केला. हाच 'फास्टर फेणे'. किडकिडीत अंगाचा, सायकलवर स्वार, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा हा मुलगा पिस्तुलावर नव्हे, तर चौकसपणावर आणि धाडसावर भिस्त ठेवतो. प्रकरणे आटोपशीर आणि पुढचे पान उलटावयास लावणारी. राम वाईरकरांच्या चित्रांनी त्याला चेहरा दिला. पुणे कधीही न पाहिलेल्या मुलांना त्या शहराचे रस्ते ओळखीचे झाले, ते याच्या सायकलमागे धावून.

भागवतांचा दुसरा नायक बिपिन बुकलवार हा तर पुस्तकवेडाच. पुण्यामुंबईच्या वाचकाला हे आडनाव केवळ 'बुक' शब्दावरील कोटी वाटेल. परंतु 'वार' प्रत्ययाची आडनावे नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर व आदिलाबादकडे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. येथील मुलाला तो शेजारच्या गल्लीतला वाटल्यास नवल नाही.

या पुस्तकांचे मोल सीमाभागात निराळेच आहे. शाळेत तेलुगू वा इंग्रजी माध्यम असले, तरी हिंदीमुळे देवनागरी अक्षरे मुलांच्या ओळखीची असतात. अडते ते मराठी वाचनाच्या सवयीपाशी. घरची बोली कानावर असते, पण छापील वाक्य परके वाटते. अशा मुलाला ललित निबंध देऊन भागत नाही. चोर कोण, हे कळेपर्यंत जो थांबणार नाही, तोच अडखळत का होईना, शेवटच्या पानापर्यंत पोहोचतो.

असे असूनही ग्रंथालयांनी या पुस्तकांना बहुधा दुय्यमच लेखले. कादंबऱ्यांना कापडी बांधणी लाभे. रहस्यकथा हातोहात फिरून फाटत आणि बाद होत. परिणामी जे सर्वाधिक वाचले गेले तेच कपाटात सर्वांत कमी उरले. दूरदर्शनने १९८७ साली फेणेची मालिका दाखविली, तीत सुमीत राघवन नायक होते; २०१७ साली अमेय वाघ यांचा चित्रपट आला. नव्या पिढीने त्यानंतर मूळ पुस्तके मागितली, तर कपाटात जीर्ण प्रती तरी असावयास हव्यात. पृष्ठे सुटलेली, कोपरे मुडपलेली आणि समासात कोणा अधीर वाचकाने पेन्सिलीने गुन्हेगाराचे नाव आधीच लिहून ठेवलेली.