लागलेली ड्यूटी, राहिलेलं देणं

माझं बालपण दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. रात्री-अपरात्री कॉलबॉय येऊन दारावर थाप मारायचा. अब्बा डोळे चोळत त्याच्या वहीत सही करायचे, डबा घ्यायचे आणि गाडीवर जायचे. सकाळी शेजारणीनं विचारलं, तर अम्मी एवढंच म्हणायची, ‘ड्यूटी लागली.’ मनमाडची लाईन १८७८ मध्ये सुरू झाली, दौंड जंक्शन झालं आणि हा शब्द इथल्या घराघरांत मुक्कामाला आला. आजार लागावा तशी ड्यूटी लागते आणि शाळा सुटावी तशी सुटते.

पुढं बी.ए.ला असताना शब्दकोशात या शब्दाचं मूळ सापडलं आणि मी चमकलो. आपलं ‘कर्तव्य’ म्हणजे जे करायचं ते. ‘ड्यूटी’ म्हणजे जे द्यायचं ते. लॅटिनमध्ये ‘देबेरे’ म्हणजे देणं लागणं. त्यातूनच फ्रेंचच्या वाटेनं इंग्रजीत ड्यू, ड्यूटी आणि कर्ज या अर्थाचा ‘डेट’ आला. बँकेतलं ‘डेबिट’ही त्याच घराण्यातलं. म्हणूनच कस्टम ड्यूटी, स्टॅम्प ड्यूटी हे करही ‘ड्यूटी’च.

गंमत पाहा, मराठीत अशा एका कराला आपण जकात म्हणत आलो. शब्द मूळचा अरबी. वर्षभर साठलेल्या संपत्तीतून शेकडा अडीच गरिबांना देणं, ही आम्हा मुसलमानांची जकात. ती फर्ज आहे, म्हणजे नेमून दिलेलं कर्तव्य. नाक्यावरची जकात जीएसटीबरोबर २०१७ मध्ये संपली. ही दुसरी संपत नाही, कारण ती उपकार नव्हे, गरिबाचा हक्क आहे.

हे सगळं परवा आठवलं ते भाच्यामुळं. तो शिरूरला राहतो. रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात कंत्राटी कामगार होता. कंत्राट संपलं. गणवेश, बूट, लॉकरची किल्ली परत करून त्यानं ‘नो ड्यूज’चा दाखला मिळवला. त्याच्याकडं कुणाचं काही येणं नाही, असा शिक्का बसला. त्याच्या दोन महिन्यांच्या ओव्हरटाइमचे पैसे मात्र अजून यायचे आहेत.

‘मामू, त्यांच्याकडं माझं काही राहिलं नाही, असा दाखला कुणी द्यायचा?’ त्यानं विचारलं.

ड्यूज आणि ड्यूटी एकाच मुळाचे शब्द. देणं दोन्ही बाजूंनी असतं. एकानं रात्रपाळी करून आपलं फेडलं, आता पाळी दुसऱ्याची आहे.