खालित्य आणि जोड-उपचार

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांतील जांब हें गांव समर्थ रामदासांचें जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास ठाऊक आहे. त्याचें आजचें नांवहि जांब समर्थ असेंच आहे. १६०८ सालीं येथें सूर्याजीपंत ठोसरांच्या घरीं जन्मलेला नारायण लग्नमंडपांत ‘सावधान’ हा शब्द कानीं पडतांच बोहल्यावरून निघून गेला, असें परंपरा सांगते. आजच्या तरुणाची चिंता निराळी आहे. बोहल्यावर चढण्यापूर्वीच कपाळ मागें सरकूं लागलें, तर त्याचें चित्त संसारांत रमत नाहीं आणि परमार्थांतहि रमत नाहीं. तें आरशांत अडकून राहतें. या चिंतेवर आज एक गोळी व एक औषधी शांपू अशी जोडी सुचविली जाते. ही जोडी कोठून आली, हें पाहणें बोधप्रद आहे.

टकलाचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतानें खालित्याची गणना क्षुद्ररोगांत केली. वायूसह पित्त रोमकूपांत शिरलें म्हणजे केस गळतात, आणि पुढें रक्तासह कफ तीं रंध्रें बुजवून टाकतो, म्हणून नवा केस उगवत नाहीं, अशी त्याची उपपत्ति. ग्रीक वैद्य हिपोक्रेटीस याच्या नांवावरील सूत्रांत निराळेंच निरीक्षण आढळतें: षंढ पुरुषांस टक्कल पडत नाहीं. हें वचन दोन हजारांहून अधिक वर्षें ग्रंथांत पडून राहिलें. त्याचें कारण कोणास उमगलें नाहीं.

तें कारण विसाव्या शतकांत उलगडलें. १९३५ सालीं टेस्टोस्टेरॉन हा पुरुषी अंतःस्राव, म्हणजेच हॉर्मोन, शुद्ध स्वरूपांत हातीं आला. त्यानंतर अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यानें १९४२ सालीं आपलें संशोधन प्रसिद्ध केलें. ज्या पुरुषांत हा स्राव वयांत येण्यापूर्वींच थांबला होता, त्यांना टक्कल पडलें नव्हतें. त्यांपैकीं कांहींना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर केस विरळ होऊं लागले. पण ते विशेषतः ज्यांच्या कुळांत टक्कल होतें त्यांचेच. अर्थ स्पष्ट झाला: बीज कुळाचें, खतपाणी हॉर्मोनचें आणि पीक वयाचें. तिन्हींचा योग जुळला म्हणजे टक्कल पडतें. डोक्यावरची टोपी किंवा अति विचार हे त्याचे अपराधी नव्हत.

पुढील धागा डोमिनिकन प्रजासत्ताकांतील एका खेड्यांत सांपडला. तेथें कांहीं मुलें जन्मतः मुलीसारखीं दिसत आणि वयांत आल्यावर पुरुष होत. ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७४ सालीं याचें कारण प्रसिद्ध केलें. टेस्टोस्टेरॉनचें रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रखर द्रव्यांत करणारें किण्वच या मुलांत अपुरें होतें. अशा पुरुषांची पुरःस्थ ग्रंथि लहान राहते व कपाळावरील केसहि मागें हटत नाहींत. हें किण्वच औषधानें आवरलें तर? या विचारांतून फिनास्टेराइड जन्मास आलें. अमेरिकेंत तें १९९२ सालीं पुरःस्थ ग्रंथीच्या वाढीवर, आणि १९९७ सालीं एक मिलिग्रॅमच्या मात्रेंत पुरुषांच्या टकलावर मान्य झालें.

आतां जोडीतील दुसरा सोबती. ‘शांपू’ हा शब्द विलायती वाटला तरी मूळ आपलाच. चांपणें, चंपी यांचा तो आप्त. पाटण्याचा शेख दीन महंमद यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांतील ब्रायटन येथें वाफेचें स्नान व मर्दन यांचें गृह चालविलें आणि हा शब्द तेथील लोकांच्या ओठीं बसविला. आपल्या घरांतील न्हाणें मात्र शिकेकाई, रिठा व आवळकाठी यांवरच चाले. औषधी शांपू याहून निराळा. बेल्जममधील यान्सेन प्रयोगशाळेंत सिद्ध झालेलें केटोकोनॅझोल हें मूळचें बुरशीनाशक. कोंड्यास हातभार लावणारी सूक्ष्म बुरशी तें आवरतें. म्हणून त्याचा शांपू डोक्यास लावून कांहीं मिनिटें ठेवावा व मग धुवावा, अशी रीत आहे. हेंच औषध मोठ्या मात्रेंत पोटांत घेतल्यास पुरुषी हॉर्मोनची निर्मितीहि मंदावते, असें १९८० नंतरच्या दशकांत आढळलें. त्यावरून शांपूचाहि तसा कांहीं स्थानिक परिणाम असावा असा तर्क निघाला. तो अद्याप तर्कच आहे. १९९८ सालीं बेल्जममधीलच संशोधकांनीं या शांपूनें केसांची दाटी व जाडी वाढल्याचें नोंदविलें. परंतु तो अभ्यास लहान होता.

दोहोंची जोड भारतांतहि पारखली गेली. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या दिल्लीच्या एका अभ्यासांत शंभर पुरुषांचे चार गट करून वर्षभर पाहणी झाली. निरनिराळ्या मार्गांनीं काम करणारीं औषधें एकत्र दिल्यास गुण अधिक येतो, असा निष्कर्ष निघाला. मात्र गोळी व केटोकोनॅझोल मिळालेल्या गटांत अवघे दहा जण होते. म्हणून प्रमाण मानावयाचें तें एवढेंच कीं, मुख्य भार गोळीचा. शांपू हा मदतनीस.

आणि गोळी म्हणजे खडीसाखर नव्हे. कांहीं पुरुषांत कामेच्छा उणावते. मन खिन्न होतें. आत्महत्येचे विचार हाहि तिचा एक दुष्परिणाम असल्याचें युरोपच्या औषध-संस्थेनें २०२५ सालीं मान्य केलें. गर्भवती स्त्रीनें तिची फुटलेली गोळी हातांतहि धरूं नये, कारण पोटांतील मुलग्याच्या घडणीस अपाय होऊं शकतो. गोळी थांबविली कीं राखलेले केस पुन्हां गळूं लागतात.

याहून मोठा प्रश्न निदानाचा आहे. जालन्यास लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यांत, शेगांव तालुक्यांतील बोंडगांव, कालवड, हिंगणा आदि गांवीं २०२४ च्या अखेरीस स्त्री-पुरुष-मुलांचे केस अवघ्या कांहीं दिवसांत मुठीमुठीनें गळूं लागले. कोणी पाण्यास दोष दिला, कोणी शांपूस. विंचूदंशावरील उपचारासाठीं ख्यातनाम असलेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनीं रुग्णांचे नमुने तपासविले. त्यांत सेलेनियम भरपूर व जस्त कमी आढळलें, आणि संशयाचें बोट रेशनच्या गव्हाकडे वळलें. येथें टक्कल कुळाचें नव्हतें व हॉर्मोनचेंहि नव्हतें. अशा रुग्णाच्या हातीं कोणी फिनास्टेराइड ठेवलें असतें, तर त्याचा उपयोग शून्य झाला असता आणि खरें कारण ताटांतच राहिलें असतें.

केस गळणें हें एक लक्षण आहे. त्याच्या वाटा अनेक आहेत. जोड-उपचार त्यांतील एकाच वाटेवर चालतो, आणि ती वाट कोणती हें वैद्यानें तपासून ठरवावयाचें असतें. दुकानांतून परस्पर गोळी आणणाऱ्या तरुणानें औषधाचा पहिला घोट घेण्याआधीं जांबच्या त्या मंडपांतील एकच शब्द आठवावा: सावधान.