संदर्भावरून इंग्रजी वाक्प्रचारांचा अर्थबोध

अपरिचित वाक्प्रचाराचा अर्थ आगेमागची वाक्ये, प्रसंग आणि बोलणाऱ्याचा हेतू यांच्या आधारे ठरवणे, याला संदर्भावरून अर्थबोध म्हणतात. वाक्प्रचाराचा अर्थ त्यातील शब्दांच्या अर्थांची बेरीज नसते. त्यामुळे इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांना सर्व शब्द ओळखीचे असूनही वाक्य उमगत नाही.

मराठीतील उदाहरण

पुण्यातील स्वारगेट बसस्थानकावर ‘साताऱ्याची गाडी लागली’ याचा अर्थ गाडी फलाटावर येऊन उभी राहिली असा होतो. ‘मला गाडी लागते’ याचा अर्थ प्रवासात मळमळते असा होतो. मराठी भाषकाला हा फरक विचार न करता कळतो. इंग्रजी वाचताना हीच क्रिया जाणीवपूर्वक करावी लागते.

भारतीय विचार

भर्तृहरीच्या ‘वाक्यपदीय’ या ग्रंथात शब्दाचा अर्थ निश्चित करणारे साहचर्य, विरोध, प्रकरण, देश, काल इत्यादी घटक सांगितले आहेत. ‘सैंधव’ म्हणजे मीठ आणि घोडाही. जेवताना मागितले तर मीठ, प्रवासास निघताना मागितले तर घोडा. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथानुसार मुख्य अर्थ जुळेनासा झाला की रूढीने वा विशिष्ट प्रयोजनाने लक्षणेचा आधार घेतला जातो. वाक्प्रचार ओळखण्याची पहिली खूणही हीच आहे.

पद्धत

सहलीचा गुप्त बेत रवीने सर्वांना कळवला, अशा प्रसंगी ‘स्पिल द बीन्स’ हा प्रयोग आल्यास ‘घेवड्याचे दाणे सांडणे’ हा शब्दशः अर्थ तेथे बसत नाही. ‘गुप्त’ आणि ‘सर्वांना कळणे’ या दुव्यांवरून ‘गुपित फोडणे’ हा अर्थ निघतो. थॉमस कूपर यांच्या १९९९ मधील अभ्यासात, इंग्रजी दुसरी भाषा असलेल्यांनी संदर्भावरून अंदाज बांधण्याचा मार्ग सर्वाधिक वापरला आणि त्यातच त्यांना सर्वाधिक यश आले.

मातृभाषेचा प्रभाव

‘प्ले विथ फायर’ आणि ‘आगीशी खेळणे’ यांचा अर्थ सारखाच असल्याने मराठीची मदत होते. मात्र ‘पुल समवन्स लेग’ म्हणजे थट्टा करणे, तर मराठीत ‘पाय ओढणे’ म्हणजे एखाद्याच्या प्रगतीत अडथळा आणणे. अशा ठिकाणी शब्दांचे साम्य फसवे ठरते.

मर्यादा

संदर्भ पुरेसा नसल्यास अंदाज चुकतो. ‘तो आमच्याकडे वन्स इन अ ब्लू मून येतो’ एवढ्यावरून तो वारंवार येतो की क्वचित, हे ठरत नाही. ‘पाच वर्षांत एकदाच आला’ असे पुढे आल्यावर ‘क्वचित’ हा अर्थ स्पष्ट होतो. म्हणून अंदाज कोशात पडताळणे आवश्यक असते. मराठी वाक्प्रचारांसाठी य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांनी पुण्यात संपादित केलेला ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ उपयुक्त आहे.

हे सुद्धा पहा

वाक्प्रचार
म्हण
शब्दशक्ती